आवाज आवरणाऱ्या फळ्या

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात केशोरी हे गाव आहे. सभोवती सागाचे व बांबूचे रान, आणि रानाला लागून धानाच्या बांध्या. मळणी झाली म्हणजे शेतकऱ्याच्या घरातील एखादी खोली पोत्यांनी आढ्यापर्यंत भरून जाते. अशा खोलीत कोणी हाक मारली, तर ती बसकी वाटते; जणू बोलणाऱ्याच्या तोंडावर कोणी घोंगडीच धरली आहे. पुढे धान विकले जाते, पोती निघून जातात, आणि त्याच माणसाने तेथे पुन्हा हाक मारली तर खोली घुमते. माणूस तोच, गळा तोच, भिंतीही त्याच. मग पोत्यांनी असे काय केले होते?

ह्या प्रश्नाचे उत्तर दूर अमेरिकेत, रात्रीच्या काळोखात मिळाले. तेथील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे व्याख्यानगृह उघडण्यात आले. परंतु तेथे व्याख्यान काही कळेना. वक्त्याच्या तोंडचा एक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, आणि तेवढ्या अवधीत पुढचे अनेक शब्द त्यात मिसळून सगळाच गलबला होई. हा दोष घालविण्याचे काम वॉलेस सॅबिन नावाच्या २७ वर्षांच्या अध्यापकाकडे आले. दिवसा गोंगाट फार, म्हणून तो रात्री काम करी. जवळच्या नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या उचलून आणायच्या, त्या मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि तिचा नाद विरण्यास किती वेळ लागतो ते घड्याळाने मोजायचे; मग आणखी काही गाद्या आणायच्या व पुन्हा मोजायचे. गाद्या वाढत तसा हा अवधी घटे. ह्या खटाटोपातून सॅबिनला एक नियम गवसला. खोली जितकी मोठी, तितका आवाज अधिक वेळ घुमतो. आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या अधिक, तितका तो लवकर विरतो. बोस्टन शहरात १९०० साली उघडलेले प्रसिद्ध संगीतगृह ह्याच नियमाच्या आधारे बांधले गेले. केशोरीच्या पोत्यांनी जे केले, तेच सॅबिनच्या गाद्यांनी केले होते.

ध्वनी म्हणजे हवेचे कंप. ते एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातात. आठ मीटर लांबीच्या खोलीत ते ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर सेकंदाला चाळीसएक वेळा आपटतात. गुळगुळीत गिलाव्याची भिंत शंभरातील सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव हिस्से आवाज जसाच्या तसा परत फेकते. गोणपाट, कापूस, लोकर ह्यांच्या धाग्यांत मात्र असंख्य बारीक पोकळ्या असतात. त्यांत शिरलेली हवा धाग्यांशी घासते आणि आवाजाच्या शक्तीची उष्णता होते. ही उष्णता इतकी अल्प असते की हाताला ती मुळीच जाणवत नाही.

सॅबिनने आवाजाचे शोषण मोजण्यासाठी माप घेतले ते उघड्या खिडकीचे. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचे शोषण पूर्ण मानावयाचे. (झाडीपट्टीत उघड्या मैदानावर रात्रभर नाटके चालतात. तेथे जणू चारी बाजूंनी खिडक्याच उघड्या असतात. आवाज घुमत नाही, पण तो दूरवर फेकावा लागतो.) आता ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच असा एक रिकामा वर्ग घ्या. त्यातील शोषण १० चौरस मीटर उघड्या खिडकीइतके असेल, तर आवाज सुमारे २.७ सेकंद घुमतो. तेच ४० चौरस मीटर केले, तर अवधी पाऊण सेकंदाच्याही आत येतो. हा फरक कोणाला भोगावा लागतो? मागच्या बाकावरील मुलाला. घुमणाऱ्या वर्गात त्याला ‘सात’ आणि ‘साठ’ ह्यांतील भेद कळत नाही. त्याचे गणित चुकते, आणि दोष मात्र त्याच्या लक्षाला दिला जातो.

वर्गात गाद्या टांगणे शक्य नाही. धूळ बसते, उंदीर लागतात. म्हणून भिंतींना व छताला लाकडी फळ्या बसवितात. साधी सपाट फळी आवाज बहुतांशी परतच पाठविते. म्हणून तिला भोके पाडतात किंवा बारीक चिरा ठेवतात, आणि तिच्यामागे लोकरीचा अथवा तशाच तंतुमय वस्तूचा थर व थोडी मोकळी जागा सोडतात. आवाज चिरांतून आत शिरतो आणि त्या थरात अडकून राहतो. पातळ फळी स्वतःही डफाच्या कातड्याप्रमाणे थरथरते व जाड, खर्जातले आवाज खाऊन टाकते. नुसत्या कापडाला हे साधत नाही. अशा फळ्यांनी रस्त्यावरचा गोंगाट थांबत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यासाठी जाड भिंत आणि घट्ट बसणारे दारच हवे.

आता लाकडाचा विचार करू. सागाचे झाड इमारतीच्या कामास योग्य होण्यास पन्नास-साठ वर्षे लागतात. त्याच्या वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो, आणि तो सर्व झाडाने हवेतून घेतलेला असतो. लाकूड टिकले, तोवर तो कार्बन त्यात कोंडलेला राहतो. जाळले किंवा कुजले, तर पुन्हा हवेत जातो. मराठी मुलखातील जुने सुतार हे शास्त्र शिकले नव्हते, पण त्यांची बांधणी त्याला धरूनच होती. वाड्याच्या तुळईच्या टोकाला ते जीभ काढीत, खांबात खाच कोरीत, आणि दोन्ही एकत्र बसवून लाकडी खुंटी ठोकीत. खुंटी काढली की सांधा सुटे. म्हणून पडक्या वाड्याचे खांब, तुळया आणि तक्तपोशीच्या फळ्या दुसऱ्या घरात पुन्हा उभ्या राहू शकत.

आजकाल पुष्कळ ठिकाणी फळी सरसाने भिंतीला चिकटवितात. काम झटपट होते खरे. परंतु दहा वर्षांनी खोली बदलायची म्हटली की फळी फुटते, गिलावा निघतो, आणि साठ वर्षांचे झाड कचऱ्यात जाते. हा आळस महागाचा आहे. तीच फळी भिंतीवरील लाकडी पट्ट्यांना स्क्रूने कसली, तर पेचकस फिरवताच ती सुटी होते व दुसऱ्या दालनात लागते.

लाकडाचे धोकेही आहेत. कोल्हापूरचे १९१५ सालचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. म्हणून विजेच्या तारा लाकडापासून दूर ठेवाव्या लागतात. पूर्व विदर्भात पाऊसही भरपूर. दमट हवेत लाकूड फुगते, म्हणून दोन फळ्यांमध्ये थोडी फट सोडतात. खालची कड जमिनीपासून वर ठेवतात, म्हणजे वाळवी चढल्यास दिसते. स्क्रू पितळेचे घेतात. लोखंडी स्क्रू काही पावसाळ्यांत गंजून लाकडात रुततो आणि मग पेचकसाने फिरत नाही. जाणता सुतार फळी लावण्यापूर्वी तिच्या पाठीवर रंगाने तिचे माप, लाकडाची जात आणि साल लिहून ठेवतो, म्हणजे ती उतरविणाऱ्या पुढच्या सुताराला विचारीत बसावे लागत नाही.