भीतीचं रसायन, खर्ड्यापासून महाडपर्यंत

११ मार्च १७९५. आजच्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या शिवारात मराठे आणि निजाम समोरासमोर आले. एकीकडे सवाई माधवरावांची फौज, नाना फडणवीसांची मसलत आणि परशुरामभाऊ पटवर्धनांचं सेनापतिपद. दुसरीकडे निजाम अली आणि त्याच्या पदरच्या रेमंड या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणी. दिवसाच्या लढाईत निजामाचं कंबरडं मोडलं नव्हतं. घात झाला तो रात्री.

ग्रँट डफनं त्या रात्रीचं वर्णन करून ठेवलं आहे. मराठ्यांची एक लहानशी तुकडी घोड्यांसाठी पाणी शोधत ओढ्यावर पोचली. तिथं निजामाची माणसं होती, त्यांनी गोळ्या झाडल्या. जवळच्या पहारेकऱ्यांनीही झाडल्या. भरलेल्या बंदुका जवळ घेऊन झोपलेली रेमंडची अख्खी फळी दचकून उठली आणि समोर काय आहे हे न बघताच तिनं बार काढले. मग साऱ्या तळावर एकच हाकाटी. निजाम जवळच्या खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि त्याची बरीचशी फौज अंधारात वाट फुटेल तिकडे पळाली.

ही लढाई अ‍ॅड्रेनालिननं जिंकली असं म्हणणं परशुरामभाऊंवर अन्यायाचं होईल. पण ओढ्यावरच्या चार गोळ्यांनी हजारोंच्या फौजेची दाणादाण का उडावी, याचं उत्तर लष्करी इतिहासापेक्षा शरीरशास्त्राकडे जास्त आहे.

झोपेतून दचकणं हे मेंदूच्या वरच्या, विचार करणाऱ्या भागाचं काम नव्हे. कानावर मोठा आवाज पडला की मेंदूच्या देठातल्या मोजक्या चेतापेशींची साखळी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतबाहेर स्नायू आखडून टाकते. पाठोपाठ अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची खूण पटवतो आणि हायपोथॅलॅमसला जागं करतो. तिथून निरोप मज्जारज्जूमार्गे सिम्पथेटिक चेतातंतूंत उतरतो. छातीचे ठोके वाढतात, बाहुल्या मोठ्या होतात, घशाला कोरड पडते, अंगावर काटा येतो. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्यानं हातपाय गार पडतात आणि ते रक्त मांड्यांच्या, दंडांच्या स्नायूंकडे वळतं. आपण घाबरलो आहोत हे माणसाला कळतं ते बहुधा यानंतर. बंदुकीच्या घोड्यावर बोट असेल तर तेवढ्या उशिरात बार निघून गेलेला असतो.

चेतातंतूचा निरोप घरोघर जाऊन कानात सांगितल्यासारखा असतो, संप्रेरकाचा गावात दवंडी पिटल्यासारखा. पहिला झटकन पोचतो, पण त्याच घरापुरता. दुसऱ्याला रक्ताबरोबर फिरावं लागतं, म्हणून काही सेकंद जास्त लागतात. मात्र तो ऐकू येईल अशा प्रत्येक पेशीपर्यंत जातो. भीतीत शरीर दोन्ही वापरतं, आणि दोन्हींची गाठ पडते मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथीत. या ग्रंथीचा गाभा गर्भात चेतापेशींच्याच कुळातून तयार होतो. थोडक्यात, तंतू गमावून बसलेल्या चेतापेशींचाच हा पुंजका. सिम्पथेटिक तंतू त्याला थेट येऊन भिडतात आणि तो अ‍ॅड्रेनालिन सरळ रक्तात सोडतो.

खर्ड्याच्या लढाईला बरोबर शंभर वर्षं झाली त्या १८९५ साली जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी या ग्रंथीच्या अर्कानं जनावरांचा रक्तदाब झपाट्यानं चढतो हे सविस्तर प्रसिद्ध केलं. १९०१ मध्ये जोकिची ताकामिने यांनी त्यातलं द्रव्य शुद्ध रूपात वेगळं केल्याचं जाहीर केलं. १९१५ मध्ये वॉल्टर कॅनन यांनी भूक, वेदना, भीती आणि संताप या सगळ्यांना एका सूत्रात ओवलं: शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. खर्ड्याला त्या रात्री दोन्ही झालं, आधी आंधळा गोळीबार, मग पळापळ.

दिवसाच्या लढाईत परशुरामभाऊ स्वतः जखमी झाले होते. रणात जखम झालेल्याला वेदना बऱ्याचदा उशिरा जाणवते, आणि त्यातही ग्रंथींचा वाटा आहे. ताण आला की हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो. पिट्युटरीत एक लांबलचक प्रथिन तयार होतं आणि त्याचे तुकडे पाडले जातात. एक तुकडा अ‍ॅड्रेनलच्या बाहेरच्या थराला कॉर्टिसॉल सोडायला लावतो. दुसऱ्यापासून बीटा-एंडॉर्फिन मिळतं, जे अफूच्या जातीचं काम करतं. ताण आणि वेदनाशमन एकाच प्रथिनातून निघावं, ही काटकसर मला तरी अ‍ॅड्रेनालिनपेक्षा जास्त नवलाची वाटते.

अ‍ॅड्रेनालिनचा अंमल मिनिटांचा, कॉर्टिसॉलचा तासांचा. पण अडकून पडलेल्या माणसाला दिवस काढायचे असतात. किल्ल्यात कोंडल्या गेलेल्या निजामाच्या लोकांचे पाण्यावाचून हाल झाले, तेही मार्चच्या उन्हात. तहान लागते तेव्हा रक्तातल्या क्षारांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांनी जरी वाढलं तरी हायपोथॅलॅमसमधल्या पेशींना ते कळतं. तिथल्याच काही चेतापेशी व्हासोप्रेसिन बनवतात, ते आपल्या लांब शेपटांतून पिट्युटरीच्या मागच्या भागात पोचवतात आणि तिथून रक्तात सोडतात. इथं चेतापेशीच ग्रंथीचं काम करते, दोन संस्थांमधली भिंतच राहत नाही. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक परत शोषलं जातंच, पण शेवटच्या टप्प्यावर किती वाचवायचं हे व्हासोप्रेसिन ठरवतं. लघवी कमी आणि गडद होते ती त्यामुळे. सोबतीला पाण्याशिवाय दुसरं काही सुचू न देणारी तहान असतेच. तटाबाहेर शत्रू आणि आत ही तहान असताना तहाच्या अटींवर फार काळ घासाघीस करण्याची ताकद कुणात उरते?

आतापर्यंतच्या गोष्टीत भीती खरी होती, निदान खरी वाटत तरी होती. पण मनात भीती नसताना हीच यंत्रणा कुणी बाहेरून चालू केली तर? महाराष्ट्राच्या कोरड्या, दगडगोट्यांच्या रानांत आणि कोकणात हे काम लाल विंचू करतो. लोक घाबरतात ते काळ्या, जाडजूड इंगळीला. जीव घेतो तो हा फिकट तांबूस, पुढचे चिमटे नाजूक असलेला छोटा विंचू. सरपणात, दगडांच्या ढिगात, चपलेत तो सापडतो.

चेतातंतूतून संदेश जातो तेव्हा सोडियमचे दरवाजे क्षणभर उघडतात आणि मिटतात. या विंचवाचं विष ते नीट मिटूच देत नाही. तंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतात, स्वायत्त चेतासंस्थेच्या दोन्ही शाखा एकदम, सिम्पथेटिक आणि तिची जोडीदार. उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, मुलग्यांत आणि पुरुषांत लिंगाला ताठरता येते. मग सिम्पथेटिक बाजू वरचढ होते. अ‍ॅड्रेनल ग्रंथी आणि तंतूंची टोकं मिळून रक्तात इतकी रसायनं ओततात की रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो. इन्सुलिन दबतं आणि साखर चढते. आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकतं आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरतं. फसवी बाब अशी की गंभीर रुग्णाला चावलेल्या जागी फारशी आग होत नाही. त्यामुळे विंचू उतरवणाऱ्याकडे नेलेलं मूल सुरुवातीला बरंच वाटतं.

१९७० च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा यावर नेमका उपचार नव्हता आणि गंभीर रुग्णांपैकी तीसेक टक्के दगावत. बावस्करांनी खाटेशी बसून उलटी, घाम, गार हात या खुणा एकामागून एक टिपल्या. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’नं त्या छापल्या. एका खेड्यातल्या केंद्रातली निरीक्षणं लंडनच्या नियतकालिकात जावीत, हे आजही सोपं नाही. पुढं त्यांनी रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून पाहिली. रक्तवाहिन्या ज्या अल्फा ग्राहकांच्या हुकमानं आवळतात, तेच ती अडवते. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला तो लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या घरात उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पहिल्या गोळीनं रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवतात आणि हातपाय कोरडे, ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी गोळी देतात. मात्र गोळी विषाला हात लावत नाही, ती फक्त विषानं उठवलेलं वादळ रोखते. विषाला मारण्यासाठी प्रतिविष लागतं. दोन्ही एकत्र दिली तर काय होतं, हे बावस्कर दांपत्यानं ७० रुग्णांवर पडताळलं आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. नुसत्या प्राझोसिनवर रुग्ण सरासरी १८ तासांच्या आसपास सावरत होते, प्रतिविषाची जोड मिळाल्यावर ८ तासांत.