खाऱ्या टाकीतले अनोळखी जीव

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यटाकीत विकत आणलेल्या माशांपेक्षा न आणलेलेच जीव संख्येने जास्त असतात. ते बहुधा ‘लाइव्ह रॉक’मधून, म्हणजे समुद्रात मुरलेल्या सच्छिद्र दगडाच्या पोकळ्यांतून येतात, काही वाळूतून, काही प्रवाळाच्या बुडाला चिकटून. अंड्याच्या किंवा बारीक तुकड्याच्या रूपात आलेला जीव महिनोन्‌महिने नजरेस पडत नाही, आणि मग एखाद्या रात्री काचेवर सरपटताना दिसतो.

ओळख पटवताना रंगावर भिस्त ठेवू नये. उजेड आणि खाद्य बदलले की एकाच जातीचा रंग बदलतो. आधी शरीराची घडण पाहावी: अंग गोलाकार आहे की लांबट, त्यावर खंड आहेत का, पायांना सांधे आहेत का, जीव जागचा हलतो की चिकटून बसलेला आहे. एवढ्यावर समुद्रफूल, कृमी, कवचधारी की शिंपलेवर्गीय हे ठरते. जातीपर्यंत पोचायला मात्र सूक्ष्मदर्शक आणि जाणकार लागतो. नुसत्या फोटोवरून छातीठोकपणे सांगितलेल्या जातीच्या नावावर फार विश्वास टाकू नये. बरेच जीव निशाचर असल्याने दिवे मालवल्यावर तासाभराने लाल उजेडात पाहणे फायद्याचे ठरते.

सर्वांत जास्त गफलत होते ती दगडाला चिकटलेल्या पांढऱ्या नळ्यांबाबत. दीड-दोन मिलिमीटरची, चकलीसारखी वळलेली नळी आणि तिच्या तोंडाशी इवलासा पिसारा दिसला, तर तो स्पायरॉर्बिड कृमी, पूर्ण निरुपद्रवी. नळी वेडीवाकडी वाढलेली असेल, पिसारा नसेल आणि खाद्य टाकल्यावर तोंडातून चिकट धागे बाहेर पडून पाण्यात जाळे पसरत असेल, तर ती व्हर्मेटिड गोगलगाय. हे धागे शेजारच्या प्रवाळाला त्रास देतात. नळीकडे नुसते पाहून हा फरक कळेलच असे नाही. चिमूटभर खाद्य टाकून थांबले की कळतो.

गुलाबी-करड्या अंगाचा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके असलेला कृमी दिसला की टाकीवाले घाबरतात. तो उरलेसुरले खाऊन टाकी साफच करतो. त्याचे केस मात्र कातडीत घुसून मोडतात आणि आग होते, म्हणून हात घालताना हातमोजे हवेत. काचेवरचे ठिपक्याएवढे, झटके देत पळणारे जीव कोपेपॉड. दोन्ही कुशींकडून दाबल्यासारखे दिसतात ते अँफिपॉड. हे दोन्ही माशांचे खाद्यच. वरून चपटे असतात ते आयसोपॉड, आणि त्यांतले काही माशांना चावून रक्त पितात. रात्री ‘टक्‌’ असा आवाज आला, तर तो पिस्तूल-कोळंबीचा असू शकतो. तिची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते. देठावर फिरणारे डोळे आणि छातीशी दुमडलेले पुढचे पाय असतील, तर मँटिस श्रिंप, आणि मग लहान माशांची धडगत नाही.

तपकिरी, पारदर्शक, लांब शुंडकांचे छोटे समुद्रफूल बहुतेक वेळा ऐप्टेशिया असते. ते चिरडू नये. तळव्याच्या तुकड्यापासूनही नवे उगवते. त्याहून जपायचे ते झोअँथिड या समुद्रफुलांच्या नात्यातल्या जीवांच्या गालिच्याला. त्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. असा दगड ‘स्वच्छ करायला’ उकळल्याने वाफेतून घरातल्या माणसांना विषबाधा झाल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत.

यांतल्या अनेक जीवांचे भाऊबंद कोकणच्या खडपांवर मोकळेपणी पाहता येतात. मालवणच्या रॉक गार्डनजवळ अमावास्या-पौर्णिमेच्या सुकतीला खडप उघडे पडले की डबक्यांत समुद्रफुले, नळीकृमी, खेकडे आणि गोगलगायी दिसतात. चित्रापेक्षा इथे नजर लवकर तयार होते. तिथला दगड उचलून घरच्या टाकीत टाकायचा मोह मात्र आवरावा लागतो. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा भाग गाभा क्षेत्रात येतो. शिवाय प्रवाळभिंती बांधणारे प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना वन्यजीव (संरक्षण) कायद्याचे संरक्षण अभयारण्याबाहेरही आहे. म्हणून टाकीसाठी मानवनिर्मित सच्छिद्र दगड घेणे आणि पाहुण्या जीवांचा अभ्यास खडपावरच करणे सोयीचे.

नको असलेला जीव सापडल्यावर तो खाडीत किंवा समुद्रात सोडण्याची चूक सर्रास होते. कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा मत्स्यालयांत वाढवलेला प्रकार 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली समुद्रात आढळला आणि पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरला. टाकीतून काढलेले शेवाळ आणि दगडाचे तुकडे गोड्या पाण्यात बुडवून, उन्हात कडकडीत वाळवून मगच कचऱ्यात टाकावेत. टाकीचे पाणीही पर्ह्यात, म्हणजे ओढ्यात, ओतू नये, कारण मालवणात पर्ह्याचे पाणी शेवटी समुद्रालाच मिळते.