कोळसा खाणीतील लेसर स्कॅनिंग, आभासी वास्तव व स्पर्शप्रतिसाद : माजरी क्षेत्राच्या संदर्भात

बीजशब्द : लेसर स्कॅनिंग, बिंदुमेघ, आभासी वास्तव, स्पर्शप्रतिसाद, खाण-सुरक्षा, व्यावसायिक प्रशिक्षण, वर्धा खोरे

प्रस्तावना

ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथील आमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्यामुळे प्राणहानी टळली. या वस्तीखाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीच्या पोकळ्या आहेत. ज्यांनी त्या खोदल्या ते आता तेथे नाहीत. उरले आहेत ते त्यांचे नकाशे, आणि तेही जसे असतील तसे. खाणीचा नकाशा हा केवळ कार्यालयीन कागद नसून त्यावर जमिनीखालील कामगाराचे आणि जमिनीवरील रहिवाशाचे जीवित अवलंबून असते, हे अशा घटनेच्या वेळी ध्यानात येते.

गेल्या काही दशकांत खाण अभियांत्रिकीच्या क्षेत्रात तीन तंत्रे एकमेकांजवळ येत आहेत. लेसर स्कॅनिंगने खाणीचा आकार मोजला जातो. आभासी वास्तवाने तो आकार प्रशिक्षणार्थीच्या डोळ्यांसमोर उभा करता येतो. आणि स्पर्शप्रतिसाद देणाऱ्या साधनांनी तो हाताला जाणवून देण्याचा प्रयत्न चालू आहे. विद्यापीठे, खाण कंपन्या व सुरक्षा-संस्था यांच्या भागीदारीतून हे संशोधन होत आले आहे. ही तंत्रे कशी चालतात, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि माजरीसारख्या क्षेत्रात त्यांचा खरा उपयोग कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

माजरीची खाण : थर, गॅलरी आणि नकाशा

भद्रावती तालुक्यातील माजरी हे वर्धा-बल्लारशा लोहमार्गावरील जंक्शन असून तेथून वणी-आदिलाबादकडे फाटा जातो. वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडचे माजरी क्षेत्र याच गावाच्या नावाने ओळखले जाते. न्यू माजरी, जुना कुनाडा, तेलवासा, धोरवासा, चारगाव, एकोना ही या क्षेत्रातील परिचित नावे होत. भूशास्त्रीयदृष्ट्या हा वर्धा खोरे कोळसाक्षेत्राचा भाग आहे. बाराकार शैलसमूहात कोळशाचा जाड थर, त्यावर कामठी शैलसमूहाचा पाणी धरून ठेवणारा ठिसूळ वालुकाश्म आणि सर्वांत वर कपाशीची काळी माती अशी येथील सर्वसाधारण रचना आहे. ही काळी माती पावसात फुगते व तिची भार सोसण्याची ताकद कमी होते. शेतकऱ्यास हे सांगावे लागत नाही. परंतु उपशाच्या दगडमातीचे उंच ढिगारे याच मातीवर रचले जातात, हे विसरून चालत नाही.

या भागातील भूमिगत खाणकाम मुख्यतः ‘बोर्ड अँड पिलर’ पद्धतीने झाले. कोळशात आडव्या-उभ्या गॅलऱ्या काढावयाच्या आणि मधले चौकोनी खांब छताला आधार म्हणून सोडावयाचे, असे तिचे स्वरूप असते. साहजिकच बराच कोळसा खांबांत अडकून राहतो. पुढे यंत्रसामग्री मोठी झाल्यावर हाच कोळसा वरून उघडून काढणे परवडू लागले आणि भूमिगत खाणींचे खुल्या खाणीत रूपांतर करण्याचे प्रकल्प पुढे आले. न्यू माजरी हे त्याचेच उदाहरण होय. अशा खाणीत वरून खाली येणारे ड्रिल यंत्र, सुरुंग आणि शंभर टनांच्या घरातील डंपर हे जुन्या गॅलऱ्यांच्या डोक्यावर काम करीत असतात. गॅलरी नकाशात दाखविलेल्या जागी असेल तर तिचा विचार करून काम आखता येते. ती तेथे नसून दहा मीटर अलीकडे असेल, तर पायाखालची पायरी खचू शकते किंवा पोकळीत शिरलेल्या हवेने जुना कोळसा आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

नकाशा चुकण्याची किंमत खाण-इतिहासात वारंवार मोजली गेली आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत जुन्या कामातील पाणी शिरून ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. २ फेब्रुवारी २००१ रोजी बागडिगी येथे शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीचे पाणी फुटून २९ जण गेले. ऑस्ट्रेलियातील ग्रेटली खाणीत १४ नोव्हेंबर १९९६ रोजी चार कामगार बुडाले. जुनी खाण शंभर मीटरहून अधिक दूर आहे असे नकाशा सांगत होता, प्रत्यक्षात ती सात-आठ मीटरांवर होती. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील क्वीक्रीक खाणीत जुलै २००२ मध्ये असेच पाणी शिरले, मात्र तेथील नऊही जणांना चार दिवसांनी जिवंत बाहेर काढता आले. या सर्व घटनांत कामगारांचे कौशल्य कमी पडले नव्हते. ज्या माहितीवर विसंबून ते काम करीत होते, ती माहिती कमी पडली.

लेसर स्कॅनिंगची कार्यपद्धती

१९६० साली पहिला लेसर प्रकाशमान झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचा अंतरमापनासाठी उपयोग सुरू झाला. तत्त्व सोपे आहे. यंत्रातून प्रकाशाचे स्पंद सोडावयाचे, समोरच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश पकडावयाचा आणि मधला काळ मोजून अंतर काढावयाचे. प्रकाश जाऊन-येऊन एका नॅनोसेकंदात जेवढे अंतर तोडतो, त्यावरून पृष्ठभाग पंधरा सेंटिमीटरवर असल्याचे ठरते. म्हणजे एक सेंटिमीटर अचूकता हवी असल्यास सुमारे ६७ पिकोसेकंदांचा काळ मोजावा लागतो. फिरत्या आरशाने किरणाची दिशा बदलत राहिल्यास दर सेकंदाला हजारो ते लाखो बिंदू मिळतात. अशा बिंदूंच्या दाट समूहास बिंदुमेघ म्हणतात.

माणसाने जाऊ नये अशा पोकळीत लांब दांड्यावरून स्कॅनर सरकवून तिचा आकार घेण्याची पद्धत कॅनडात १९९० च्या दशकाच्या आरंभी विकसित झाली. भूमिगत खाणीत उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही, म्हणून चालता-चालता स्कॅन घेत स्वतःचे स्थान त्या स्कॅनवरूनच ठरविणारी साधने पुढे आली. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेचे स्प्रिंगवर डोलणारे ‘झेबेडी’ हे हातात धरण्याचे साधन यांपैकी प्रसिद्ध आहे. भारतात कोल इंडियाच्या खुल्या खाणींत उपशाचे घनफळ मोजण्यासाठी जमिनीवरील लेसर स्कॅनर वापरले जाऊ लागले. म्हणजे हे यंत्र येथे प्रथम आले ते हिशेबासाठी. तेच यंत्र ठरावीक दिवसांनी त्याच ढिगाऱ्याकडे वळविले, तर दोन स्कॅनमधील फरकावरून उतार कोठे सरकत आहे हेही कळते. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधील राजमहल खाणीत उतार कोसळून २३ जणांचा बळी गेल्यानंतर अशा निरीक्षणाकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. कोल माइन्स रेग्युलेशन्स, २०१७ मध्ये खुल्या खाणीच्या व ढिगाऱ्याच्या उतारांची रचना शास्त्रीय अभ्यासावर आधारलेली असावी अशी तरतूद आहे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काळा, ओला कोळसा प्रकाश फारसा परत पाठवीत नाही, त्यामुळे यंत्राचा पल्ला घटतो. धूळ व तुषार यांच्यामुळे हवेतच खोटे बिंदू उमटतात. वायूयुक्त खाणीत स्फोटसुरक्षित नसलेले यंत्र नेता येत नाही. सर्वांत महत्त्वाची मर्यादा ही की, लेसर फक्त दिसणारा पृष्ठभाग मोजतो. पाण्याने भरलेली किंवा ढासळून बंद झालेली जुनी गॅलरी त्याला दिसत नाही; तिच्यासाठी आगाऊ छिद्र पाडून पाहणे हा जुनाच उपाय आजही खरा आहे. छतातील लपलेली भेगही बिंदुमेघात येत नाही.

आभासी खाण

१९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसविण्याचा दृश्यपट तयार केला, तेव्हापासून आभासी वास्तवाचा इतिहास सांगितला जातो. खाण-प्रशिक्षणात मात्र डोक्यावरील चष्म्यापेक्षा वेगळी वाट यशस्वी ठरली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात खाण अभियांत्रिकी विभाग आणि आयसिनेमा हे संशोधन केंद्र यांनी एकत्र येऊन प्रेक्षकाभोवती पूर्ण वर्तुळाकार पडदा असलेली त्रिमित दृश्यव्यवस्था प्रशिक्षणासाठी वापरली आणि तेथील खाण-बचाव केंद्रांनी ती स्वीकारली. खाणीतील काम टोळीने होते. चूकही टोळीच्या देखत होते आणि ती सुधारणेही टोळीनेच शिकावयाचे असते. चष्मा घातलेला माणूस एकटा पडतो. वर्तुळाकार पडद्यासमोर दहा जण उभे राहून ‘धोका कोठे दिसतो?’ या प्रश्नावर वाद घालू शकतात. भारतात धनबादच्या आयआयटी (आयएसएम) येथे क्वीन्सलँडच्या सिम्टार्स या सुरक्षा-संस्थेच्या सहकार्याने आभासी खाण-सिम्युलेटर उभारण्यात आला आहे.

आपल्याकडे माइन्स व्होकेशनल ट्रेनिंग रूल्स, १९६६ नुसार खाणीत उतरण्यापूर्वी प्रशिक्षण अनिवार्य आहे. प्रशिक्षण केंद्रात तक्ते, नमुने आणि अलीकडे चित्रफिती असतात. परंतु चित्रफितीतील खाण ही कोणती तरी खाण असते. परदेशी सिम्युलेटरमधील खाणही तशीच. तेथील यंत्रे वेगळी, थराची जाडी वेगळी, छताचा दगड वेगळा. माजरीच्या कामगारास उपयोगी पडेल ती माजरीच्या बिंदुमेघावर उभारलेली खाण, जिच्यात त्याचा हौल रोड, त्याची पायरी आणि त्याच्याच ढिगाऱ्याचा गेल्या पावसाळ्यातील उतार दिसेल. हिशेबासाठी घेतलेले स्कॅन प्रशिक्षण केंद्राच्या हाती देणे हा या दृष्टीने सर्वांत स्वस्त आरंभ ठरेल. त्यासाठी भव्य नाट्यगृहाची आवश्यकता नाही.

स्पर्शाचा प्रश्न

भूमिगत खाणीत छत तपासण्याची एक जुनी रीत आहे. एका हाताचा तळवा छताला टेकवावयाचा आणि दुसऱ्या हातातील सळईने शेजारी ठोकावयाचे. छत भक्कम असेल तर आवाज खणखणीत येतो आणि तळव्याला काही जाणवत नाही. थर सुटलेला असेल तर आवाज पोकळ येतो आणि तळव्याखाली दगड थरथरतो. कित्येक वर्षे काम केलेला माइनिंग सरदार किंवा ड्रेसर एका ठोक्यात निर्णय देतो. जी भेग लेसरला दिसत नाही ती या हाताला कळते. ज्ञानाचा हा भाग कोणत्याही पाठ्यपुस्तकात पुरता उतरलेला नाही, कारण तो शब्दांत मावत नाही.

स्पर्शप्रतिसाद-तंत्र म्हणजे हॅप्टिक्स येथे उपयोगी पडू शकेल काय? उत्तर कॅरोलिना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९६७ पासून या दिशेने काम केले. १९९३-९४ च्या सुमारास एमआयटीमध्ये थॉमस मॅसी व केनेथ सॅलिस्बरी यांनी ‘फँटम’ हे साधन घडविले. त्यात बोट किंवा लेखणी एका यांत्रिक भुजेला जोडलेली असते. संगणकातील वस्तूच्या पृष्ठभागात लेखणी जितकी शिरेल तितक्या प्रमाणात मोटारी तिला मागे ढकलतात. डोळ्यास सलग चित्र दिसण्यासाठी सेकंदाला काही दशके चित्रे पुरतात. हाताला पृष्ठभाग सलग वाटावा म्हणून हे बल सेकंदाला सुमारे हजार वेळा नव्याने काढावे लागते.

अडचण नेमकी दगडापाशी येते. मऊ वस्तू या तंत्राने उत्तम जाणवतात, म्हणूनच शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणात त्याची प्रगती झाली. कठीण वस्तूसाठी बल एकदम वाढवावे लागते. ते मर्यादेबाहेर वाढविले की दोन मोजण्यांच्या मधल्या सूक्ष्म काळात यंत्र स्वतःच थरथरू लागते, आणि कमी ठेवले की खडक रबरासारखा लागतो. शिवाय टेबलावरील साधनाचे बल काही न्यूटनांपलीकडे जात नाही. सळईचा ठोका त्याहून कितीतरी मोठा. यावर कॅथरीन कुचेनबेकर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेला मार्ग विचारार्ह आहे. खऱ्या वस्तूवर ठोकताना उठणारे क्षणिक कंपन आधी नोंदवून ठेवावयाचे आणि आभासी स्पर्शाच्या क्षणी ते हाताला द्यावयाचे, असा तो मार्ग आहे. कठीणपणाची जाणीव बऱ्याच अंशी त्या पहिल्या क्षणाच्या कंपनात असते.

महाराष्ट्रातही या विषयावर मूलभूत काम झाले आहे. मुंबईच्या आयआयटीत सुभासिस चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाट बिंदुमेघालाच थेट स्पर्शरूप देण्याची पद्धत मांडली. तिचा एक हेतू शिल्पादी वारसावस्तू हाताने ‘पाहता’ याव्यात हा होता. स्कॅन आणि स्पर्श यांना जोडणारा दुवा अशा रीतीने उपलब्ध आहे. मात्र शिल्पाचा स्पर्श त्याच्या आकारात असतो, तर खाणीच्या छताचा स्पर्श त्याच्या आतल्या पोकळीत असतो. म्हणून खाणीपुरता केवळ बिंदुमेघ पुरणार नाही. त्यासोबत कंपनांची नोंद हवी.

भागीदारीचे स्वरूप

नागपुरात सीएमपीडीआयची प्रादेशिक संस्था, केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेचे केंद्र आणि व्हीएनआयटीचा खाण अभियांत्रिकी विभाग आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतील महाविद्यालये २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. स्कॅनर व सिम्युलेटर ही महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरची साधने आहेत, परंतु कंपनमापक आणि ध्वनिमुद्रक तशी नाहीत. भूशास्त्र व पदार्थविज्ञान विभागांना खाण व्यवस्थापनाच्या अनुमतीने व सरदारांच्या देखरेखीखाली भक्कम आणि सुटलेल्या छतावरील ठोक्यांच्या नोंदी घेता येतील, आणि प्रत्येक नोंदीबरोबर सरदाराने दिलेला निर्णय व पुढे त्या छताचे काय झाले हे लिहून ठेवता येईल. हा निर्णय तो हिंदीत देईल, मराठीत देईल किंवा तेलुगूत. त्याचे शब्द जसेच्या तसे टिपणे हे भाषा विभागाचेही काम ठरेल.

या कामाला कालमर्यादा आहे. भूमिगत खाण खुली झाली की ठोकून पाहावयास छतच उरत नाही, आणि ते ठोकणारे हात निवृत्त होत आहेत. विदर्भात भूमिगत खाणी चालू आहेत तोवरच या नोंदी घेता येतील.