आलेच हिमनदीची माघार

आल्प्स पर्वतातील सर्वांत मोठी हिमनदी म्हणजे स्वित्झर्लंडमधील महा-आलेच हिमनदी होय. तिची लांबी सुमारे २० किलोमीटर असून क्षेत्रफळ सुमारे ८० चौरस किलोमीटर आहे. युंगफ्राउ, म्योंख इत्यादी शिखरांच्या दक्षिणेस साठणारे हिम तीन प्रमुख प्रवाहांनी उतरून कोंकॉर्डिया प्लाट्स या विस्तीर्ण हिमक्षेत्रात एकत्र येते. तेथे बर्फाची जाडी सुमारे ८०० मीटर भरते. हिमनदीच्या मुखातून निघणारी मासा नदी पुढे ऱ्होन नदीस मिळते. १९१२ साली युंगफ्राउयोखपर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाला आणि हा उगमप्रदेश सामान्य प्रवाशाच्याही दृष्टिपथात आला.

कोंकॉर्डिया प्लाट्सच्या काठावरील खडकावर १८७७ साली गिर्यारोहकांसाठी निवारा बांधण्यात आला. त्या वेळी हिमपृष्ठ त्याच्या सुमारे ५० मीटर खाली होते. आज हे अंतर त्याच्या तिपटीच्या आसपास गेले असून हिमावरून निवाऱ्यापर्यंत पोहोचण्यास धातूच्या जिन्याच्या चारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. हिमपृष्ठ खचत गेले तसतशी हा जिना खालच्या बाजूस वाढविण्याची पाळी आली. कोणत्याही उपकरणावाचून वाचता येईल, असे हे ऱ्हासाचे मापनच म्हणावयाचे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करावयास हवे. हिमनदी 'मागे हटते' याचा अर्थ बर्फ उलट दिशेने सरकतो असा नव्हे. बर्फाचा प्रवाह सदैव उताराकडेच असतो. कोंकॉर्डियानजीक तर तो वर्षाला दीडशे मीटरांहून अधिक अंतर कापतो. वरच्या भागात हिमाचा संचय होतो व खालच्या भागात वितळण्याने त्याचा व्यय होतो. व्यय संचयाहून अधिक झाला, की हिमनदी प्रथम पातळ होते, आणि वरून येणारा पुरवठा मुखाशी होणाऱ्या वितळणीस पुरेनासा झाला, की मुख मागे सरते. एवढ्या प्रचंड हिमराशीत हा परिणाम मुखापर्यंत पोहोचण्यास काही दशके लागतात. म्हणून वार्षिक जमाखर्च हा त्या वर्षाच्या हवामानाचा निदर्शक, तर हिमनदीची लांबी ही गतकालीन हवामानाची साक्ष होय.

हिमाखाली गाडल्या गेलेल्या व पुढे उघड्या पडलेल्या वृक्षखोडांच्या कालनिर्णयावरून या हिमनदीचा पूर्वेतिहास जुळविण्यात आला आहे. चौदाव्या, सतराव्या व एकोणिसाव्या शतकांत तिने मोठी मजल मारली होती. हिमनदीने अडविलेले म्यार्येलेन सरोवर फुटून खालच्या वस्तीत पूर येत. या भयाने फीश व फीशरटाल येथील ग्रामस्थांनी १६७८ साली नवस केला, की हिमनदीची वाढ थांबावी. मात्र १८६० च्या सुमाराची अखेरची कमाल मर्यादा ओलांडल्यावर मुख तीन किलोमीटरांहून अधिक मागे सरले. अखेर २०१० साली पोपच्या संमतीने या प्रार्थनेचा आशय पालटला. आता हिमनदी टिकावी म्हणून मागणे मागितले जाते.

मग आजची माघार ही जुन्याच चढउतारांपैकी एक आहे काय? एकोणिसाव्या शतकातील आरंभीच्या संकोचात नैसर्गिक कारणांचा वाटा होता, हे खरे. परंतु अलीकडील दशकांतील ऱ्हासाचे प्रमुख कारण मानवी व्यवहारांतून वाढलेले हरितगृह वायू हेच होय. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी २०२२ साली आपल्या घनफळाचा सुमारे ६ टक्के, तर २०२३ साली सुमारे ४ टक्के भाग गमावला. शिवाय आलेचची आजची लांबी आजच्या तापमानाशी अद्याप जुळलेली नाही. म्हणून तापमानवाढ याच क्षणी थांबली तरी तिचा संकोच पुढे दीर्घकाळ चालूच राहील.

याचे परिणाम खोऱ्याबाहेरही पोहोचतात. उन्हाळ्यात पाऊस ओसरतो तेव्हा हिमजल नद्यांना आधार देते. हिम झपाट्याने वितळत असताना हा पुरवठा काही काळ वाढतो व त्यामुळे विपुलतेचा भास होतो. पुढे मूळ साठाच आटल्यावर तो कायमचा घटतो. आलेचच्या दोन्ही तीरांवर जुन्या हिमपातळीची खूण असलेला फिकट, विरळ वनस्पतींचा पट्टा स्पष्ट दिसतो. अभ्यासकाने हिमनदीइतकेच या पट्ट्याकडेही लक्ष द्यावे, कारण तेथे खर्ची पडलेल्या साठ्याची उंची कोरलेली आहे.