गव्हर्नरच्या बागेतलं डाळिंब

१९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं. त्याआधी खानदेशातल्या कॉलेजांतून जो कोणी बीए, बीकॉम, बीएस्सी होई, त्याच्या प्रमाणपत्रावर पुणे विद्यापीठाचं नाव असे. एरंडोलच्या जुन्या पदवीधरांपैकी ज्यांना मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी पुणं गाठावं लागलं, त्यांनी गणेशखिंडीतली मनोऱ्याची ती काळ्या दगडाची इमारत पाहिलेली आहे. खिडकीवरचं काम उरकायचं आणि परतीची एसटी पकडायची, अशी घाई असे. बाग बघायची राहून जाई. ती बाग मात्र कधीच आपल्या शेतापर्यंत येऊन पोचली आहे.

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्कामाला येई. त्याचा पहिला बंगला दापोडीला होता. सर जॉन माल्कमच्या काळात, १८२८ च्या सुमारास, तिथे वनस्पती उद्यान सुरू झालं. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक झाले. त्यांनी एका इथल्या चित्रकाराकडून बागेतल्या झाडाझुडपांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवली आहेत. गिब्सनचं नाव राहिलं, पण ज्याच्या हाताने पानांच्या शिरा न् शिरा कागदावर उतरल्या त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. याची हळहळ वाटते.

गव्हर्नर सर बार्टल फ्रियरला दापोडी पसंत नव्हती. १८६४ मध्ये त्याने गणेशखिंडीत नवं गव्हर्नमेंट हाऊस बांधायला काढलं. जागा साधी नव्हती. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईसाठी पेशव्यांचं सैन्य याच खिंडीच्या परिसरातून पुढे सरकलं होतं. वेळही साधी नव्हती. अमेरिकेत यादवी पेटलेली, तिकडचा कापूस बंद, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर तगलेल्या. मुंबईत पैशाचा पूर आला होता. त्या पुरात खानदेशाच्या काळ्या रानातल्या कापसाचाही वाटा होता, हे आपण विसरू नये. १८६५ मध्ये यादवी संपली, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. गणेशखिंडीचं बांधकाम मात्र चालूच राहिलं. १८७१ मध्ये ते पुरं झालं तेव्हा खर्च अंदाजाच्या पार पुढे गेला होता आणि त्यावरून फ्रियरवर टीकेची झोड उठली होती.

आराखडा जेम्स ट्रबशॉचा. ऐंशी फुटी मनोरा, कमानींच्या रांगा, इटालियन धाटणी. विलायतेत राणी व्हिक्टोरियाचं ऑसबोर्न हाऊस याच थाटाचं आहे. इंग्रज जमीनदारांच्या घरांना एक शिस्त असते: वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी, आणि शेवटच्या वळणावर हिरवळीपलीकडे एकदम समोर येणारं घर. पाहणारा दबला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. इंग्लंडात गवत पावसावर पोसतं. पुण्याच्या मुरमाड उतारावर मार्च-एप्रिलात हिरवळ राखायची तर पाणी कुठून आणणार? म्हणून राम नदी अडवून पाषाणचा तलाव बांधला गेला. आज आपण त्या तलावावर पक्षी बघायला जातो.

दबदब्याच्या या जागेला २२ जून १८९७ च्या रात्री हादरा बसला. व्हिक्टोरियाच्या राज्याच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून रँड आणि आयर्स्ट बाहेर पडले आणि गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी त्यांना गाठलं. हा इतिहास आपल्याला शाळेपासून पाठ आहे.

पण बागेचा खरा इतिहास झाडांचा आहे. १८७३ मध्ये गव्हर्नमेंट हाऊसजवळच गणेशखिंडीचं वनस्पती उद्यान उभं राहिलं. त्याचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो. बागकामावर आणि आंब्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली. त्यांचं सगळ्यात मोठं काम एका पार्सलात मावलं.

त्या काळी आंब्याचं भेट कलम करीत. कोयीपासून वाढवलेलं रोप कुंडीसकट मचाणावर चढवायचं आणि जातिवंत झाडाच्या फांदीशेजारी आणायचं. दोघांची बोटभर साल थोड्या लाकडासकट धारदार चाकूने तासायची. उघड्या जखमा एकमेकींवर बसवून केळीच्या सोपटाने घट्ट आवळायच्या, वरून शेण-माती लिंपायची. दोन-तीन महिन्यांत सांधा धरला की फांदी सांध्याखाली आणि रोपाचा शेंडा सांध्यावर कापायचा. मुळं रानटी, फळ घराण्याचं. अशी कलमं वुड्रोंनी १८८९ मध्ये अमेरिकेला पाठवली. फ्लोरिडातल्या १८९४-९५ च्या कडाक्याच्या थंडीत बाकीची गेली, मलगोब्याचं एक झाड तगलं. त्याच्या कोयीपासून १९०२ मध्ये लावलेल्या रोपाने १९१० मध्ये फळ दिलं, त्याला हेडन नाव पडलं. परदेशातल्या दुकानांत दिसणारा लालबुंद टॉमी ॲटकिन्स हा या हेडनचा वंशज. चवीला तो आपल्या हापूसच्या पासंगालाही पुरत नाही, पण त्याचं मूळ पुण्यातल्या कलमांत आहे.

वुड्रोंच्या नंतर इथे डॉ. जी. एस. चिमा आले. त्यांचं नाव खानदेशात शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. १९२७ मध्ये त्यांनी अलाहाबाद सफेदा पेरूतून एक झाड निवडलं. शेतकरी त्याला लखनौ ४९ किंवा सरदार म्हणतात. गिरणाकाठच्या शेतकऱ्याला त्याची ओळख करून द्यायला नको. कर्मरकर आणि जोशी यांच्या साथीने चिमांनी इथे शीतगृहात फळं टिकवण्याचे प्रयोग केले, तेही स्वातंत्र्याच्या आधी.

आणि डाळिंब. आळंदी जातीच्या डाळिंबाचे दाणे गोड, पण बी टणक. खाताना दाताखाली कचकन लागायचं. चिमांनी आळंदीच्या रोपांतून १९३६ मध्ये एक वेगळं झाड हेरलं: पिवळसर-गुलाबी साल, फिकट गुलाबी दाणा, आणि बी इतकं मऊ की चावून गिळता येतं. नोंदवहीत ते ‘जीबीजी-१’ म्हणजे गणेशखिंड बोटॅनिकल गार्डनचं पहिलं म्हणून चढलं. १९७० मध्ये त्याचं बारसं ‘गणेश’ असं झालं. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात डाळिंबाची शेती उभी राहिली ती या झाडावर. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गणेशचा संकर गुल-ए-शाह रेड या रशियन जातीशी केला. त्यातूनच मृदुला आणि भगवा निघाले. आज हातगाडीवर आपण जे लालभडक डाळिंब घेतो, त्याचा आजा गणेशखिंडीचा.

१९४९ मध्ये गव्हर्नमेंट हाऊस पुणे विद्यापीठाचं झालं, २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. समोरची हिरवळ आहे, आवारात जाडजूड बुंध्याच्या गोरखचिंचा आहेत, जुना भुयारी मार्ग आहे. पलीकडे फळ संशोधन केंद्र आहे. २०२० मध्ये सरकारने गणेशखिंड उद्यानाचे ३३ हेक्टर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. आपल्या जळगावची लांडोरखोरीही त्याच यादीत आहे. शहर चारही बाजूंनी अंगावर येत असताना हे संरक्षण मिळालं हे फार चांगलं झालं. जुन्या जातींचे मातृवृक्ष एकदा गेले की कितीही पैसे मोजून परत मिळत नाहीत.

एरंडोल, पारोळा, भडगावकडच्या बागायतदारांना माझं एवढंच सांगणं आहे: पुढच्या खेपेला पोराच्या ॲडमिशनसाठी पुण्याला गेलात तर अर्धा दिवस जास्त ठेवा. विद्यापीठाची इमारत पाहा, पण तिथून परत फिरू नका. फळ संशोधन केंद्रात आधी विचारून जा, आणि पोरालाही बरोबर न्या.