लाकूडकामातील राऊटर : कापाची खोली आणि सुरक्षितता

प्रस्तावना :
ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराचा लाकूडकामाशी संबंध जुना आहे. 1657 साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत जहाजबांधणीस प्रारंभ केला. आज याच परिसरातील गृहसंकुलांत सुतार सदनिकेतच प्लायवूडचे फर्निचर तयार करतात. पूर्वी पटाशीने पाडली जाणारी खाच आता राऊटर या विद्युत यंत्राने पाडली जाते. पटाशीची खोली प्रत्येक ठोक्यागणिक हाताला समजते. राऊटरची खोली मात्र यंत्र सुरू करण्यापूर्वीच ठरवावी लागते. प्रस्तुत लेखात या पूर्वतयारीचे विवेचन केले आहे.

धोक्याचे स्वरूप :
राऊटरमधील बिट हे कापणारे पाते मिनिटाला साधारणतः 10,000 ते 30,000 फेरे घेते. 12 मि.मी. व्यासाचे बिट 24,000 फेऱ्यांनी फिरत असता त्याच्या धारेचा वेग ताशी सुमारे 54 कि.मी. असतो. एकाच टप्प्यात खोल काप घेतल्यास रोध वाढतो, बिट तापते, लाकूड करपते आणि यंत्र झटक्याने हातातून निसटू शकते. तसेच बिटची बाहेर राहिलेली लांबी दुप्पट झाल्यास तेवढ्याच बलाने त्याचे वाकणे सुमारे आठपट होते.

खोली निश्चित करण्याची पद्धत :
1) प्रथम प्लग काढावा. बिटचा दांडा कॉलेटमध्ये पूर्ण घालून 2 ते 3 मि.मी. मागे घ्यावा व घट्ट आवळावा.
2) राऊटर सपाट फळीवर ठेवून बिटचे टोक फळीला टेकेपर्यंत खाली आणावे व तेथेच अडकवावे. हा शून्यबिंदू होय.
3) खोली ठरविणारी दांडी फिरत्या थांब्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर टेकवावी, नंतर हव्या त्या खोलीएवढी वर उचलून आवळावी. दांडी व पायरी यांतील अंतर म्हणजेच कापाची खोली.
4) 9 मि.मी. खोल खाच हवी असल्यास ती 3 मि.मी.च्या तीन टप्प्यांत पाडावी. कठीण लाकडात एका टप्प्याची खोली बिटच्या निम्म्या व्यासाहून अधिक नसावी.
5) टाकाऊ तुकड्यावर चाचणी घेऊन खोली मोजावी. डोळ्यांना चष्मा व नाकाला मुखपट्टी लावावी आणि बिटच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने राऊटर सरकवावा.

कायद्याची मर्यादा :
1948 च्या कारखाना अधिनियमातील कलम 21 ने यंत्रांच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण बंधनकारक केले. परंतु तो कायदा ठरावीक संख्येइतके कामगार असलेल्या कारखान्यांसाठी होता. सदनिकेत काम करणारे दोघे-तिघे सुतार त्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

समारोप :
जेथे निरीक्षक पोहोचत नाही, तेथे कारागिराचे ज्ञान हेच त्याचे संरक्षण ठरते. खोली निश्चित करण्यास काही मिनिटे पुरतात. गमावलेले बोट मात्र सुताराची उपजीविकाच हिरावून घेऊ शकते. म्हणूनच व्यावसायिक शिक्षणात यंत्र चालविण्याआधी यंत्र बसविण्याचे शिक्षण देणे अगत्याचे आहे.