ठोकळा घडतो कसा?

मुंबईहून उत्तरेस जाणारी आगगाडी पालघर सोडून बोईसरकडे निघाली, की भातखाचरे आणि ताडांच्या रांगा मागे पडतात व कारखान्यांची धुराडी दिसू लागतात. जवळच तारापूर आहे. अणुशक्तीपासून वीज निर्माण करणारे भारतातील पहिले केंद्र १९६९ साली येथेच सुरू झाले. पुढे बोईसरलगत मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखाने आले, त्यांच्यामागून कामगार आले आणि कामगारांबरोबर त्यांचे संसार आले. संसार म्हटला, की घर हवे, आणि घर म्हटले, की भिंत हवी.

या प्रदेशातील जुन्या घरांच्या भिंती कुडाच्या असत. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर माती व शेण लिंपले, की कूड तयार होई. ही भिंत हलकी आणि स्वस्त. परंतु येथील मुसळधार पावसापुढे ती वर्षानुवर्षे टिकत नाही, तिला वारंवार लिंपावे लागते. नंतर भाजलेल्या विटा आल्या. वीट टिकाऊ खरी. पण तिच्यासाठी माती खणावी लागते आणि भट्टीला जळण लागते. शिवाय जव्हार-मोखाड्याकडील अनेक कुटुंबे सुगीनंतर कामासाठी दूरच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलेही आईबापांबरोबर जातात आणि त्यांची शाळा मध्येच तुटते. विटेची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही, ती अशी.

आता अनेक ठिकाणी विटेच्या जोडीला काँक्रीटचा ठोकळा आला आहे. सामान्य बोलण्यात त्याला 'ब्लॉक' म्हणतात. मोठ्या कारखान्यांत तो विजेच्या यंत्रांवर तयार होतो; परंतु जेथे वीज नाही अथवा भांडवल थोडे आहे, तेथे साध्या हातयंत्रावरही तो घडविता येतो.

हे यंत्र दिसावयास अगदी साधे असते. जाड पोलादी पत्र्याची एक चौकोनी पेटी, हाच त्याचा साचा. साच्याच्या तळाशी एक सुटी फळी असते. ठोकळा पोकळ हवा असेल, तर साच्यात दोन गाभे उभे केलेले असतात. त्यांच्या जागी पुढे पोकळी राहते. बाजूस एक लांब दांडा असतो. इंजिन नाही, तेल नाही, तारा नाहीत. दोन माणसांचे बाहू हीच त्याची शक्ती.

प्रथम मिश्रण कालवावे लागते. सिमेंटचा एक भाग घेतला, तर रेती अथवा दगडाची कच आणि बारीक खडी मिळून सहा ते आठ भाग घेतात. सर्व जिन्नस कोरडेच नीट एकजीव करून मग बेताने पाणी शिंपडतात. येथेच कारागिराचे कौशल्य दिसते. पाणी फार झाले, तर ठोकळा साच्याबाहेर येताच बसतो. फार थोडे झाले, तर त्याच्या कडा भुरभुरतात. जाणता कारागीर मिश्रण मुठीत दाबून पाहतो. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि बोटांतून पाणी ओघळले नाही, म्हणजे मिश्रण जमले.

मग ते फावड्याने साच्यात भरतात व दट्ट्याने ठोकतात. ठोकण्याने खडीच्या कणांमधील हवा निघून जाते आणि कण एकमेकांना घट्ट बिलगतात. जेथे हवा राहते, तेथे ठोकळा दुबळा राहतो. वरचा भाग सारखा केल्यावर दांडा खाली दाबला, की ठोकळा फळीसह अलगद वर येतो.

ओल्या काँक्रीटचा जड ठोकळा साच्याला घासत वर येतो, तरी एकटा माणूस तो कसा उचलतो? हा तरफेचा प्रभाव होय. समजा, टेकूपासून हाताची पकड १२० सेंटिमीटर आणि भार २० सेंटिमीटर अंतरावर आहे. १२० ही संख्या २० च्या सहापट. म्हणून १० किलोग्रॅमचा भार दिला, तर ६० किलोग्रॅमचा भार उचलला जातो. विहिरीवरील ढेकळीत आणि दगड हलविणाऱ्या पहारीत हेच तत्त्व आहे.

सामान्य ठोकळा सुमारे ३९ सेंटिमीटर लांब, १९ सेंटिमीटर रुंद आणि तितकाच उंच असतो. ही मापे अशी अपुरी का? दोन ठोकळ्यांमध्ये १ सेंटिमीटर जाडीचा गिलावा भरला, म्हणजे भिंतीत त्याची जागा बरोबर ४०, २० आणि २० सेंटिमीटर होते. २०, १० आणि १० सेंटिमीटरची जागा घेणाऱ्या आठ विटांचे काम असा एक ठोकळा करतो. पोकळीमुळे सिमेंट वाचते आणि ओझेही हलके होते.

साच्यातून बाहेर आलेला ठोकळा पूर्ण झाला, असे पाहणाऱ्यास वाटते. खरे पाहता त्याचे अर्धे जीवन अजून पुढेच असते. सिमेंट वाळून कठीण होते, ही समजूत चुकीची आहे. सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावते आणि त्यातून निर्माण होणारे बारीक स्फटिक रेती व खडीला बांधून टाकतात. पाणी लवकर उडून गेले, तर ही क्रिया अर्ध्यावरच थांबते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून ठोकळ्यांवर पाणी मारावे लागते, त्यांवर ओले गोणपाट घालावे लागते. भारतीय मानकाप्रमाणे निदान १४ दिवस ते ओले राहिले पाहिजेत. त्यानंतर सावकाश वाळवून मगच ते बांधकामास घ्यावयाचे.

नेमक्या याच ठिकाणी मोह होतो. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते आणि गिऱ्हाईक घाई करीत असते. चार दिवस पाणी पाजलेला ठोकळा आणि चौदा दिवस पाणी पाजलेला ठोकळा शेजारी ठेवले, तर डोळ्यांना भेद कळत नाही. भेद कळतो तो भिंतीवर भार आल्यावर.

या जिल्ह्यास त्याची जाणीव ठेवणे भाग आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के पुनःपुन्हा बसू लागले. घरांच्या भिंतींना तडे गेले आणि २०१९ च्या फेब्रुवारीत अनेकांनी थंडीतील रात्री तंबूंत काढल्या. भूकंपात जड भिंत कोसळली, तर ती आसरा देणाऱ्यावरच कोसळते. म्हणून केवळ ठोकळा चांगला असून भागत नाही. जोत्याच्या, दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या व छपराच्या पातळीवर घराभोवती लोखंड घातलेल्या काँक्रीटचे पट्टे हवेत. पोकळ ठोकळ्याचा येथे एक विशेष उपयोग होतो. कोपऱ्यांतील पोकळ्यांतून लोखंडी सळ्या उभ्या करून काँक्रीट भरले, की भिंतीला जणू कणाच लाभतो.

डहाणूला कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे. कोळसा जळल्यावर उरणारी बारीक राख पूर्वी निव्वळ टाकाऊ मानली जाई. ही राख सिमेंटच्या सहवासात स्वतःही बांधणीचे काम करते, असे दिसून आले. १९९९ साली केंद्र सरकारने अशा वीजकेंद्रांच्या आसपासच्या विटा व ठोकळ्यांत ती वापरण्याचा नियम केला.

हातयंत्राची ही कल्पना देशोदेशी फिरली आहे. अमेरिकेत हार्मन पामर याने १९०० साली पोकळ ठोकळ्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. १९५६च्या सुमारास कोलंबियात राउल रामिरेझ या अभियंत्याने माती व थोडे सिमेंट दाबून ठोकळे करणारे हातयंत्र बनविले. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली 'अस्त्र' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले; तेथेही मातीच्या ठोकळ्यांची हातयंत्रे तयार झाली. गरीब माणसाला स्वतःच्या गावात, स्वतःच्या हातांनी पक्के घर बांधता यावे, हा त्यांमागील हेतू होता.

यंत्र सर्व ठोकळ्यांना एकच आकार देते. बळ मात्र सर्वांना सारखे देत नाही. ते मिश्रण कालविणाऱ्याच्या मुठीतून, दट्ट्याच्या ठोक्यांतून आणि चौदा दिवस न चुकता घातलेल्या पाण्यातून येते. भिंतीवर गिलावा चढला, की हे सारे श्रम झाकून जातात. त्या भिंतीच्या आड निर्धास्त झोपणाऱ्या कुटुंबाची सुरक्षितता मात्र त्यांवरच उभी असते.

स्वाध्याय

१. मिश्रणात पाणी योग्य पडले आहे, हे कारागीर कसे ओळखतो?
२. 'सिमेंट वाळून कठीण होते' ही समजूत चुकीची का आहे?
३. १० मीटर लांब व २ मीटर उंच भिंतीस किती ठोकळे लागतील? ठोकळ्याची जागा ४० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर उंच धरा.
४. तुमच्या गावातील एखादे जुने व एखादे नवे घर पाहा. त्यांच्या भिंती कशाच्या आहेत, ते दहा ओळींत लिहा.